ब्रिज: मेटल-सिरॅमिक की झिर्कोनिया? किती वर्षं टिकला, खरं सांगा

शेवग्याची_शेंग · १४ जानेवारी, २१:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. पाककृतींवर 'करून बघितली, जमली' यापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण आता प्रकरण दातावर आलंय.

खालची, डावीकडची पहिली मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. 'बघू, बघू' करत जागा तशीच मोकळी ठेवली. त्या दोन वर्षांत मागची दाढ पुढे कलली आणि वरची दाढ खाली काय चाललंय ते बघायला उतरली. आता डॉक्टर म्हणतात ब्रिज करा. म्हणजे पुढची उपदाढ आणि मागची दाढ तासायची, दोन्हींवर कॅप आणि मध्ये खोटी दाढ, तिन्ही एकसंध. मागच्या दाढेचं रूट कॅनॉल आधीच झालंय, उपदाढेत भलंमोठं सिमेंट भरलेलं आहे. दोन्हींना आज ना उद्या कॅप लागणारच, म्हणून इम्प्लांटपेक्षा ब्रिज, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलंय, तेव्हा त्यावर वाद नको.

ठाण्यात दोन ठिकाणी विचारलं. तीन युनिट मेटल-सिरॅमिकचे (आत धातू, वर पोर्सलिन) १५ हजार. झिर्कोनियाचे (बिनधातूचं, पांढरं, कडक सिरॅमिक) ३६ हजार, पण सोबत १५ वर्षांचं वॉरंटी कार्ड. 'दातावर मारायला पैसा नाही' म्हणतात ते काय असतं, हे खुर्चीत आडवं झाल्यावर नीट कळतं.

गोंधळ असा की माझ्या आईचा ब्रिज १९९८ सालचा, साताऱ्यात केलेला. चावायची बाजू सरळ धातूची, गालाकडून दाताच्या रंगाचा. २६ वर्षं झाली. आई त्यावर शेंगदाण्याची चिक्की खाते. कार्ड सोडा, पावतीसुद्धा नव्हती. मग आज ३६ हजारांच्या वस्तूची हमी फक्त १५ वर्षं कशी?

जाहिराती नकोत. स्वतःचा किंवा घरातला अनुभव सांगा. किती वर्षं टिकला आणि गेला तर नेमका कसा गेला?

सुपारीखांड · १४ जानेवारी, २२:१५

वय ७१, मुक्काम रत्नागिरी. वरचे पुढचे चार, २००९ साली, मेटल-सिरॅमिक. नाव वाचून पुढचं कळलं असेलच. घरात अडकित्ता आहे, पण खांड दाताने फोडायची जुनी खोड. २०१६ साली सुळ्यावरच्या पोर्सलिनचा टवका उडाला आणि आतला करडा धातू दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, ब्रिज घट्ट आहे, दुखत नाही, जेवता येतं, मग काढायचा कशाला? वरून दाताच्या रंगाचा मसाला लावून दिला. तो दीड-दोन वर्षांनी पडतो, परत लावून घेतो. लग्नाच्या फोटोत तोंड मिटून हसतो, एवढंच.

आता हा टिकला म्हणायचा की गेला, ते तुम्हीच ठरवा.

चुना_लाव · १४ जानेवारी, २२:३१

१५ आणि ३६ मधला फरक म्हणजे डॉक्टरांच्या गाडीचा हप्ता. कॅप बनवणाऱ्या लॅबला त्यातले किती पोचतात ते विचारून बघा, तोंड उघडंच राहील. डॉक्टरांना बरंच की, काम सोपं.

रात्रपाळी · १४ जानेवारी, २३:०५

वाचतेय. माझाही झिर्कोनिया आहे, निवांत लिहिते.

अक्कलदाढ · १५ जानेवारी, ००:२०

गाडी सेकंडहँड आहे हो, चुना_लाव. :)

नाशिकला असतो. कॅप, ब्रिज, कवळ्या हाच माझ्या एमडीएसचा (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचा) विषय आणि १८ वर्षं तेच करतोय. तोंड न बघता सल्ला देत नाही, पण या वस्तू कशा वागतात ते सांगू शकतो.

सुपारीखांड काकांनी शेवटी जो प्रश्न टाकलाय, त्याच्यावरच या विषयातला सगळा अभ्यास उभा आहे. आकडेवारीत 'टिकला' याचा अर्थ 'अजून तोंडात आहे' एवढाच असतो. टवका उडालेला, चार वेळा डागडुजी केलेला ब्रिजही 'टिकला'मध्येच मोजतात. काकांचा ब्रिज त्या हिशेबात पास.

त्या अर्थाने आकडे बघा. दातांवर बसवलेल्या ब्रिजवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली आला. पाच वर्षांनी तोंडात असलेले ब्रिज: मेटल-सिरॅमिक ९४.४ टक्के, झिर्कोनिया ९०.४ टक्के. ज्यांनी 'झिर्कोनिया सगळ्यात मजबूत' ऐकलंय त्यांना हे उलटं वाटेल. प्रयोगशाळेत वाकवून तोडायचं म्हटलं तर साधं पोर्सलिन १०० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचं एकक) आतबाहेर हार मानतं, लिथियम डायसिलिकेट हे काचेच्या जातीचं सिरॅमिक ४०० च्या आसपास, झिर्कोनिया ९०० ते १२००. मग मागे का पडला?

कारण त्या अभ्यासांतले बहुतेक झिर्कोनिया ब्रिज जुन्या पद्धतीचे होते. आत झिर्कोनियाचा सांगाडा आणि बाहेर हाताने चढवलेलं पोर्सलिन. सांगाडा सहसा मोडला नाही, वरचं पोर्सलिन टवके टवके होऊन उडालं. शिवाय सुरुवातीच्या मशिनवर कापलेल्या कॅपची कड दातावर तितकी चपखल बसत नव्हती, त्या फटीतून कीड शिरली. २००९-१० पासून अख्खाच्या अख्खा झिर्कोनियाचा, वर थर नसलेला ब्रिज रुळायला लागला. त्यात टवक्याची तक्रार जवळपास संपली. पण पंचवीस वर्षं चाललेला तसा ब्रिज मी तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण तेवढी वर्षंच अजून झालेली नाहीत. तुमच्या आईंच्या ब्रिजकडे ती आहेत.

आता 'कसा गेला' याबद्दल. माझ्याकडे जे ब्रिज काढायला येतात त्यातले मोडलेले फार थोडे. बाकी सगळे अख्खे, चकचकीत. खालचा दात किडलेला असतो, किंवा रूट कॅनॉल केलेला दात मुळापाशी उभा चिरलेला असतो, किंवा सिमेंट सुटलेलं असतं. ब्रिज परत कपाटात ठेवता येईल असा, आणि दात गेलेला.

एक अजून. आधार दोन्ही बाजूंनी हवा. एकाच बाजूच्या दाताला खोटा दात लटकवलेले ब्रिज दहा वर्षांनी सुमारे ८० टक्के उरतात, दोन्हीकडून धरलेले सुमारे ८९. कोणी 'एकच दात तासू, पैसे वाचतील' म्हणालं तर मागच्या दाढांसाठी तरी नको म्हणा.

कडीपत्ता · १५ जानेवारी, ०८:१२

दातातही प्लास्टर पडतं हे आजच कळलं. वाचनखूण साठवली आहे.

मेणबत्ती · १५ जानेवारी, १३:४५

मी लॅबवाला. सांगली. २२ वर्षं झाली या भट्टीसमोर. चुना_लाव साहेब, लॅबला किती पोचतात हे मी इथे लिहिलं तर उद्यापासून माझ्याकडे काम येणार नाही. पण झिर्कोनियाची डिस्क, कापायचं मशिन आणि भट्टी यांचे पैसे खरे आहेत, तो फरक सगळाच हवेतला नाही.

मेटल-सिरॅमिक कसं बनतं ते थोडक्यात. आधी मेणात सांगाडा करायचा, तो साच्यात पुरायचा, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायचा. आता बऱ्याच लॅबमध्ये हे ओतकाम गेलं. कोबाल्ट-क्रोमची पावडर लेझरने थरावर थर वितळवून सांगाडा छापून येतो. मग त्यावर धातूचा काळेपणा झाकणारा अपारदर्शक थर, त्यावर ब्रशने पोर्सलिन, आणि निर्वात भट्टीत ९०० अंशांच्या वर. गंमत गार होताना आहे. धातू पोर्सलिनपेक्षा किंचित जास्त आकसतो, म्हणून वरचं पोर्सलिन कायम दाबलेलं राहतं. चिनी मातीच्या जातीची वस्तू दाब कितीही सोसेल, ताण सोसणार नाही. हे गणित जमेपर्यंत लोकांनी किती कॅप फुटताना बघितल्या असतील कोण जाणे. १९६२ साली अमेरिकेत त्या मिश्रणाचं पेटंट झालं, आजही आम्ही त्याच वाटेने जातो. धातू आणि पोर्सलिन एकमेकांशी जुळणारे घ्यावे लागतात. एका कंपनीचा धातू, दुसऱ्या कंपनीची स्वस्त पावडर असं केलं की टवका सहा महिन्यांत.

झिर्कोनियाची डिस्क येते तेव्हा खडूसारखी मऊ असते. मशिनवर ब्रिज वीस-पंचवीस टक्के मोठा कापायचा, मग पंधराशे अंशांच्या आसपास काही तास भाजायचा. भाजला की आकसून मापात येतो आणि दगड होतो. यात अजून एक करामत आहे. त्याला बारीक चीर पडायला लागली की चिरेच्या टोकाशी त्याचे स्फटिक रूप बदलतात आणि फुगतात, चार टक्क्यांच्या आसपास. फुगले की चीर चेपली जाते. हे १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

पण, आणि इथे गिऱ्हाईक फसतं, सगळा झिर्कोनिया सारखा नसतो. जो जास्त पारदर्शक, खऱ्या दातासारखा दिसतो, त्यात हा फुगण्याचा गुण कमी असतो आणि ताकदही कमी. पुढच्या दातांना तो छान. दाढेच्या ब्रिजला जुना, जरा खडूसारखा दिसणाराच बरा. 'झिर्कोनिया घालताय ना' एवढं विचारून भागत नाही, कुठला ते विचारा.

आणि ते कार्ड. मागची बाजू वाचा. डिस्क तुटली तर नवीन ब्रिज मिळेल. दात किडला, सिमेंट सुटलं, हिरडी सरकली, दात हलायला लागला, यातलं काही त्यात नाही. ब्रिज जाण्याची जी कारणं डॉक्टरांनी वर सांगितली ती सगळी वगळून हमी दिली आहे. मग १५ काय, ५० वर्षं लिहायलाही कंपनीला जड जाणार नाही.

चुना_लाव · १५ जानेवारी, १४:०२

हे शेवटचं मात्र पहिल्यांदा कोणीतरी सरळ सांगितलं. _/\_

तुळई · १५ जानेवारी, २०:३०

मी सिव्हिलवाला, दातांत शून्य अक्कल. पण हे तर आमचंच काम आहे की! दोन खांब, मध्ये बीम.

बीम किती वाकेल हे लांबीच्या घनावर ठरतं. एक दात गेला असेल तेव्हा जेवढा वाकतो, त्याच्या ८ पट दोन दात सलग गेले असताना वाकेल आणि तीन गेले तर २७ पट. उंचीचं उलट: उंची निम्मी केली की वाकणं ८ पट. रुंदी निम्मी केली तर फक्त दुप्पट. म्हणजे कॅप आणि खोटा दात जिथे जुळतात त्या जोडाला रुंद करून फार फायदा नाही, उंच केलं पाहिजे. तोंडात हे असंच चालतं का?

आणि मेटल-सिरॅमिकचे टवके का उडतात तेही मग सोपं आहे. धातूचा बीम, वर प्लास्टर. बीम जरा लवला तर बीमला काही होत नाही, प्लास्टर तडकतं. लांब ब्रिजला टवके जास्त उडत असणार, बरोबर?

अक्कलदाढ · १५ जानेवारी, २२:५०

तुळई, अगदी असंच चालतं. आमच्या पहिल्या-दुसऱ्या धड्यात हाच घन असतो, फक्त आम्ही तो परीक्षा झाली की विसरतो. खांबांचंही बघावं लागतं. गेलेल्या दातांच्या मुळांचं क्षेत्रफळ जेवढं, निदान तेवढं आधाराच्या दातांच्या मुळांचं असावं, असा एक जुना नियम आहे, १९२६ सालचा. तो आता कोणी काटेकोर पाळत नाही, पण त्याच्या विरुद्ध जाताना मी दोनदा विचार करतो.

शेंग, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. तुमची मागची दाढ कललेली, वरची उतरलेली. म्हणजे चावताना ब्रिजसाठी उंचीच कमी उरली असणार. ती मिलिमीटरमध्ये मोजून घ्या आणि मगच कुठला माल ते ठरवा. माल आधी ठरवून जागा नंतर शोधली की जोड बारीक करावा लागतो.

मेणबत्ती · १५ जानेवारी, २३:१०

+१००. मागच्या दाढेच्या तीन युनिटच्या झिर्कोनियाला जोडाच्या जागी निदान ९ चौरस मिलिमीटर लागतात, म्हणजे ३ गुणिले ३. लिथियम डायसिलिकेटला १६ लागतात, म्हणून तो दाढेच्या ब्रिजला चालतच नाही, फार तर दुसऱ्या उपदाढेपर्यंत. धातूला याहून कमी जागेत भागवता येतं. बुटकी दाढ असेल आणि वर चावायची बाजूही धातूचीच ठेवली तर दाढ एखादा मिलिमीटर कमी करून काम होतं. पोर्सलिन चढवायचं तर दीड-दोन मिलिमीटर. तुमच्या आईंच्या डॉक्टरांनी धातू उघडा ठेवला तो अडाणीपणाने नाही. त्यांनी दाढ वाचवली आणि टवक्याचा प्रश्नच मिटवला.

जोडाला जागा नसताना 'झिर्कोनियाच हवा' अशी चिठ्ठी येते तेव्हा आम्ही फोन करतो. निम्म्या वेळा उत्तर मिळतं, 'ॲडजस्ट करा.'

अक्कलदाढ · १५ जानेवारी, २३:२४

हे आमच्या बाजूचं पाप, कबूल.

मेणबत्ती · १५ जानेवारी, २३:३१

कबूल करताच आहात तर मापांचंही करा. कड कुठे संपते ते दिसत नाही, हिरडीतलं रक्त मापात उमटलेलं, आणि आम्ही अंदाजाने रेघ मारायची. मग कड उघडी राहिली की लॅब वाईट. तोंडात कॅमेरा फिरवून माप घेणारे डॉक्टर आले तशी ही कटकट कमी झाली, पण कॅमेऱ्यालाही रक्त आणि लाळ यांच्यापलीकडचं दिसत नाही.

अक्कलदाढ · १५ जानेवारी, २३:४०

हेही कबूल. आणि तुमच्याकडून आलेला जो ब्रिज ट्रायलला डुलतो, त्याचं काय? :) चला, झोपा.

रात्रपाळी · १६ जानेवारी, ०३:१५

आयडीला जागून आत्ता लिहितेय. नर्स आहे. झोपते तेव्हा दात खाते, नवरा म्हणतो की जात्यावर दळण चाललंय. २०१५ साली मेटल-सिरॅमिक ब्रिज केला, तीन वर्षांत दोन टवके. २०१९ साली काढून अख्खा झिर्कोनिया घातला. त्याला ओरखडाही नाही. पण आता भीती अशी की हा दगड माझ्या समोरच्या खऱ्या दाताचं पीठ करेल. मैत्रिणीने तसं सांगितलंय.

अक्कलदाढ · १६ जानेवारी, ०९:०५

मैत्रिणीचा तर्क चुकीचा नाही, पण तोंडात वेगळं घडतं. समोरचा दात झिजतो तो कडकपणाने कमी, खरखरीतपणाने जास्त. नीट घासून आरशासारखा चकचकीत केलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला पोर्सलिनपेक्षा कमी झिजवतो. वर नुसती चकाकीची झिलई भाजून दिली असेल तर ती वर्षा-सहा महिन्यांत निघून जाते आणि खाली खरखरीत पृष्ठभाग उघडा पडतो. म्हणून चावा जुळवायला डॉक्टरांनी तोंडात झिर्कोनिया घासला असेल तर नंतर पॉलिश केलाय की नाही हे विचारायचं. ब्रिजवरून जीभ फिरवून बघा, काचेसारखा लागला पाहिजे.

रात्री दातांवर घालायचं ते प्लास्टिकचं पान, नाइट गार्ड, करून घ्या. ते ब्रिजसाठी नाही. इतका दाब खालच्या मुळांना सोसावा लागतो, त्यासाठी.

हिमफूल · १६ जानेवारी, १०:२२ (इथे अजून काल रात्र आहे)

कॅल्गरीहून. सुट्टीत भारतात येऊन दात करून घेणाऱ्यांपैकी एक. २०१८ साली तीन आठवड्यांची रजा, त्यात भाचीचं लग्न, आणि दोन लग्नविधींच्या मधल्या वेळात माझा रूट कॅनॉल आणि ब्रिज. चार दिवसांत माप ते सिमेंट. ज्यांनी केलं ते हुशार होते, घाई माझीच होती.

२०२२ साली तोंडाला वास यायला लागला. दुखत काहीच नव्हतं. नवरा बोलायचं टाळायचा, मुलगी सरळ म्हणाली. इथल्या डॉक्टरीणबाईंनी ब्रिजवर बोटाने दाबलं आणि आरसा दिला. दाबलं की मागच्या कॅपच्या कडेतून लाळेचे बुडबुडे बाहेर येत होते! एका बाजूचं सिमेंट कधीच सुटलं होतं, पण दुसऱ्या बाजूने घट्ट धरलेला, म्हणून ब्रिज हलत नव्हता. आत पंपासारखी लाळ आत-बाहेर चालू. रूट कॅनॉल झालेला दात, त्याला कळ कुठून येणार? उघडलं तेव्हा दाढ काढावीच लागली. ब्रिजवर खरचटसुद्धा नव्हती.

अक्कलदाढ · १६ जानेवारी, १३:००

हिमफूल, हे लिहिलंत फार बरं केलंत. एका बाजूने सुटलेला ब्रिज हा सगळ्यात लबाड प्रकार. पूर्ण सुटला तर हातात येतो, माणूस धावत येतो. ही बुडबुड्यांची परीक्षा आम्ही रोज करतो. वास, गोड-खारट चव, दाबल्यावर किंचित खालीवर झाल्याचा भास, यातलं काहीही असलं तर दुखायची वाट बघू नका.

झिर्कोनियाच्या सिमेंटबद्दलही एक गोष्ट. काचेच्या जातीच्या सिरॅमिकला आतून ॲसिड लावून खरखरीत करता येतं, सिमेंट त्यात रुतून बसतं. झिर्कोनियावर त्या ॲसिडचा परिणाम होत नाही. त्याला आतून बारीक वाळूचा मारा आणि वेगळा प्रायमर, म्हणजे सिमेंट धरून ठेवणारा लेप, लागतो. दाढ उंच असेल तर साध्या सिमेंटवरही निभावतं. बुटकी असेल तर या पायऱ्या गाळून चालत नाही.

शेवग्याची_शेंग · १६ जानेवारी, २१:१८

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज परत गेलो आणि 'उंची मोजा' म्हणालो. डॉक्टरांनी आधी चमकून बघितलं, मग मोजली. मागच्या दाढेशी जोडाला उंची जेमतेम अडीच मिलिमीटर. तेच म्हणाले, झिर्कोनियाचा आग्रह नको.

नवीन प्रश्न: मला घड्याळाच्या बकलखाली पुरळ उठतं. पट्टा कातडी असला तरी बकल लागतं तिथे. धातूच्या ब्रिजने काही होईल का?

मेणबत्ती · १६ जानेवारी, २१:४०

आधी सांगायला हवं होतंत! स्वस्तातला धातू निकेल-क्रोम असतो, त्यात निम्म्याहून जास्त निकेल. बकल आणि नकली दागिने यांचं पुरळही बहुतेकदा निकेलचंच. कोबाल्ट-क्रोम मागा आणि बिलावर लिहून घ्या. काही जुन्या निकेल धातूंत बेरिलियमही असायचं. ते घालणाऱ्याला फारसं नाही, पण घासून त्याची धूळ हुंगणाऱ्या आमच्यासारख्यांच्या फुप्फुसांना वाईट. आमच्या उस्तादांच्या काळात मास्क म्हणजे खिशातला रुमाल.

चुना_लाव · १६ जानेवारी, २२:१०

जरा गंभीर प्रश्न. बायकोचे खालचे दोन दात सलग गेलेत, बजेट खरंच नाही. चिडचिड त्यातूनच होते. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, आमच्याकडे दोन्हीची बोंब.

अक्कलदाढ · १६ जानेवारी, २२:३५

मुंबईजवळ असाल तर शासकीय दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. किंवा पालिकेचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. पदव्युत्तर विद्यार्थी करतात, प्राध्यापक प्रत्येक पायरी तपासतात. खेपा जास्त होतील, एकेका कामाला अर्धा दिवस जाईल, पण घाई नसल्यामुळे मापं चांगली होतात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालयं आहेत. दोन सलग दात म्हणजे तुळई यांचा ८ पटवाला हिशेब, तेव्हा ब्रिजच हवा असं धरून जाऊ नका. काढ-घाल करायची छोटी कवळीही वाईट नसते.

सुपारीखांड · १७ जानेवारी, ०६:५०

साफसफाईचं कोणीच बोललं नाही. माझ्या ब्रिजखालून डॉक्टरांनी ताठ टोकाचा दोरा ओवायला शिकवलंय, सुपरफ्लॉस म्हणतात. सुईत दोरा ओवल्यागत खोट्या दाताखालून घालायचा आणि जानव्यासारखा इकडून तिकडे ओढायचा. पहिल्या दिवशी जे निघालं ते लिहीत नाही, तुमची न्याहारी व्हायची असेल. टवका उडालेला ब्रिज चौदा-पंधरा वर्षं उभा आहे तो या दोऱ्यावर, असं आमचे डॉक्टर म्हणतात. सुपारी अजून चालू आहे, पण आता अडकित्त्याने कातरून.

शेवग्याची_शेंग · १२ एप्रिल, २२:०५

धागा वर काढतोय. दोन बातम्या.

माझा ब्रिज झाला. कोबाल्ट-क्रोम, लेझरवाला. उपदाढ आणि मधली खोटी दाढ यांवर पोर्सलिन, मागच्या दाढेची चावायची बाजू उघड्या धातूची. हसताना दिसत नाही, जांभई दिली की दिसते. बायको म्हणते आईसारखं दिसतंय. आधी कच्च्या सिमेंटवर तीन आठवडे ठेवला, मग पक्का केला. १७ हजार. पुरळ, खाज काही नाही. तीन महिन्यांच्या अनुभवावर टिकाऊपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, २०५० साली परत वर काढेन.

दुसरी बातमी आईची. चिक्कीने काही केलं नाही. पाडव्याला श्रीखंड-पुरी खाताना ब्रिज अलगद हातात आला. श्रीखंडात! आईला आधी वाटलं चारोळी कडक लागली. धुऊन बघितला तर ब्रिज १९९८ साली असेल तसाच. मागची कॅप सिमेंटसकट निघालेली. आणि पुढच्या कॅपच्या आत दाताचा वरचा भाग तसाच बसलेला होता, हिरडीच्या रेषेत तुटून आलेला, तपकिरी, नखाने खरवडला जाईल इतका मऊ. सिमेंटने त्याला शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. एक्स-रे काढला, मूळही राहण्यासारखं नाही. आईने २६ वर्षांत त्याखालून दोरा कधी ओवलेला नाही, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि मीही जानेवारीत इथे एवढं वाचून तिला फोन करून विचारलं नाही, दुखत नव्हतं ना.

आता छोटी कवळी करायची ठरलीय. ब्रिज तिने कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवलाय. मेणबत्ती, ती विचारतेय की त्यात सोनं असेल का? तेव्हा बाबांनी बरेच पैसे मोजले होते म्हणे.

मेणबत्ती · १२ एप्रिल, २२:४८

काकूंना नमस्कार सांगा. आतून धातूचा रंग बघा. पिवळसर असेल तर फोटो टाका. पांढरा करडा असेल तर निकेल-क्रोम, भंगारवालाही घेणार नाही.

शेवग्याची_शेंग · १२ एप्रिल, २२:५६

पांढराच आहे. तिला सांगितलं, सोनार सुट्टीवर आहे.